हरकत नाही

जे बटण दाबलं की आमची सुटका होणार होती, ते माझ्यापासून चार हातांवर होतं. गोल काचेच्या अलीकडे मी, पलीकडे तराफ्याचं डेक, डेकवर एक करडी लोखंडी पेटी आणि त्या पेटीत ते बटण. पेटीवर एक कुरव पंख मिटून बसला होता. त्या अख्ख्या तराफ्यावर बाहेर तेवढाच एक जीव होता आणि त्याला बटणांत रस नव्हता.

पूर्वी अशा तराफ्यावर आठ-नऊ माणसं असायची. कंपनीने ती एकेक करून कमी केली. झडपा, पंखा, हीटर, प्राणवायू, सगळा कारभार बुटाच्या खोक्याएवढ्या एका संगणकाकडे दिला. त्याला सगळे नियंत्रक म्हणतात. हा नियंत्रक समुद्रातल्या केबलने देवगडच्या किनाऱ्यावरच्या एका खोलीशी बोलतो, आणि ज्या लायब्ररीतून, म्हणजे तयार कोडच्या संचातून बोलतो, ती आमची. आमची म्हणजे माझी आणि माझा नवरा हेरंब याची. रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेली, नाव 'दोर'. समुद्राच्या तळाशी माहितीची मोठमोठी कोठारं बसवायला लागल्यापासून दोरला बरे दिवस आले होते.

मी मैथिली सामंत. पाणबुड्यांच्या पिंपात माझं काय काम, असं कुणीही विचारेल. मला साधं पोहताही येत नाही. पण पाणबुड्यांचा एक जुना दंडक आहे: हात लावील तो आत बसेल. वायूच्या नळ्यांना ज्याने पान्हा लावला, त्याने पुढच्या फेरीला स्वतः पिंपात बसायचं. मग पान्हा नीट फिरतो. नळ्यांचा कारभार प्रोग्रॅमकडे गेला तेव्हा कंपनीला वाटलं, दंडक आपोआप सुटला. पाणबुडे म्हणाले, सुटलेला नाही, आता तुमच्या संगणकवाल्यांना पाठवा. आमच्याकडे प्रत्येक बदलावर दोन नावं असतात, लिहिणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं. दोघांपैकी एकाने बसायचं. मी हेरंबला न विचारता माझं नाव कळवून मोकळी झाले. त्या दिवसांत आम्ही एकमेकांना फारसं काही विचारत नव्हतो.

माझ्यासोबत मोतीराम कुबल होते. मालवणचे गाबित, पन्नाशी उलटलेली, निम्मं आयुष्य दाबाखाली गेलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगून टाकलं की हा दंडक त्यांना मुळीच पसंत नाही. ज्याला काही येत नाही त्याला सांभाळायचं काम फुकट त्यांच्या गळ्यात येतं. मी त्यांना मोतीदादा म्हणू लागले. त्यांनी त्यालाही कपाळाला आठी घातली, पण उत्तर देऊ लागले.

हे पिंप काय प्रकार आहे ते सांगायला हवं. खोल पाण्यात दाबामुळे श्वासातला वायू रक्तात विरघळतो. माणूस झटकन वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यावर जे होतं तेच रक्तात होतं. म्हणून हळू यावं लागतं, आणि हळू म्हणजे दिवसच्या दिवस. रोज कामाला जाऊन रोज असं परतणं शक्य नाही. तेव्हा युक्ती अशी की खालचा दाबच वर आणायचा. डेकवर पोलादी पिंप, त्यात समुद्रतळाएवढा दाब. पाणबुडे त्यातच राहतात, खातात, झोपतात, तिथूनच कामाला खाली जातात, आणि सगळं आटोपलं की एकदाच, सावकाश, दाब उतरवून बाहेर येतात. दार आतून कुणी उघडू शकत नाही, आणि उघडलंच तर बाहेर चालत जाणार नाही.

श्वासाला नायट्रोजनऐवजी हेलियम असतो, कारण दाबाखाली नायट्रोजन दारूसारखा चढतो. हेलियमच्याही दोन खोड्या आहेत. एक, तो अंगातली ऊब ओढून घेतो. हीटर गेला तर कोकणातही माणूस गारठून मरेल. दुसरी, आवाज पोपटासारखा होतो. दिवाळीच्या उरलेल्या चकल्या मी सोबत नेल्या होत्या. त्या दाबाखाली लाकडासारख्या लागल्या आणि मोतीदादा पोपटाच्या आवाजात म्हणाले की माझ्या हातचं खाऊन तसं काही नुकसान झालेलं नाही.

आमची फेरी परीक्षेची होती. दाब चढवायचा, चार दिवस राहायचं, उतरवायचा. काम असं काहीच नव्हतं. दाब उतरू लागून एक रात्र झाली होती आणि मी खाटेवर पडून मनातल्या मनात स्वतःवर खूश होते. सात महिन्यांचं माझं काम पास झालं होतं.

"बाय," मोतीदादा म्हणाले, "काटो हलूक नाय."

मी म्हटलं, दाब उतरताना दोन पायऱ्यांच्या मधे थांबतो तो. ते दाबाच्या तबकडीकडे बघत बसले. थोड्या वेळाने मीही बघत बसले. काटा खरंच हलत नव्हता. प्राणवायूच्या झडपेची दर थोड्या वेळाने येणारी टिकटिक बंद होती. पंखा आणि हीटर तेवढे चालू होते, कारण त्यांना बंद कर असं कुणी सांगितलं नव्हतं.

भिंतीवरचा टेलिफोन साध्या तारेचा होता, नियंत्रकाशी त्याचा संबंध नव्हता. पलीकडे हेरंबच होता. त्या फेरीपुरता किनाऱ्यावरच्या खोलीत तो बसत होता. तो म्हणाला, इथेही सगळं थांबलंय, नियंत्रक काही ऐकतही नाही आणि बोलतही नाही. मग म्हणाला, "तुम्ही दोघं ठीक आहात ना?" आम्ही ठीक होतो. ठीक असणं किती दिवसांचं, हा प्रश्न होता.

काय झालं ते मला कळायला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या कुणाच्या चुकीपेक्षा स्वतःची चूक लवकर सापडते, कारण ती कुठे ठेवलीय ते आपल्याला माहीत असतं.

एकच करणारा असताना शेकडो कामं एकाच वेळी चालवायची, हे ज्या यंत्रणेचं काम तिला रनटाइम म्हणतात. घरातली एक बाई चार शेगड्या सांभाळते तसंच हे. डाळ शिजत असेल तर ती कुकरपाशी उभी राहत नाही; तोवर कणीक मळते, शिट्टी झाली की वळते. जे काम अडलंय ते बाजूला ठेवायचं, जे हलतंय ते पुढे न्यायचं. पथ्य एकच: कशासाठीही उभं राहून वाट बघायची नाही. ती दुधावर डोळे लावून उभी राहिली की बाकीच्या शेगड्या करपल्याच म्हणून समजा.

दोरमधला रनटाइम हेरंबने स्वतः लिहिलेला होता, घरगुती. तो मन लावून केलेला होता आणि तो त्याच्याशिवाय कुणाला कळत नव्हता. इकडे सगळं जग एका तयार, तावूनसुलाखून निघालेल्या रनटाइमवर गेलं होतं. नवी कोणतीही गोष्ट आणली की ती त्या रनटाइमची भाषा बोलायची आणि आमच्या दोरशी तिचं जमायचं नाही. मी हेरंबला म्हटलं होतं, उद्या तू आजारी पडलास तर हे कोण दुरुस्त करणार? तो म्हणाला, बदल तुला हवा तसा. मग मी तो तयार रनटाइम दोरमध्ये बसवायला घेतला.

सुरुवातीला एका स्वयंपाकघरात दोन बायका झाल्या. रनटाइमच्या आत रनटाइम सुरू होत नाही. प्रोग्रॅम उठताच कोसळायचा. मग मी हेरंबचं एकेक फंक्शन काढत गेले आणि त्या जागी नवं लावत गेले. एक तेवढं राहू दिलं. त्याचं नाव 'धरून ठेव'. दाब उतरवायची झडप उघडायच्या आधी दोन संमती लागतात, एक पिंपातून आणि एक किनाऱ्यावरून. दोन्ही येईपर्यंत हे फंक्शन थांबतं. थांबताना बाकीची कामं चालू ठेवायची सोय हेरंबने त्याच्या पोटातच शिवून ठेवली होती. नव्या रनटाइमला त्या शिवणीची ओळख नव्हती. तिथे ते फंक्शन खरोखरच उभं राहायचं. घरी तपासलं तेव्हा माझ्या लॅपटॉपमध्ये काम करणारे हात आठ; एक अडला तर बाकीचे सात होते. नियंत्रकात हात एकच.

आधीच्या सगळ्या पायऱ्यांना किनाऱ्याची संमती अगोदरच येऊन पडलेली असायची, म्हणून थांबायची वेळच आली नव्हती. त्या सकाळी हेरंब चहा आणायला गेला आणि त्याची संमती मिनिटभर उशिरा निघाली. ती तराफ्यापर्यंत आली, नियंत्रकाच्या दाराशी पडून राहिली. तिला उचलणारा हात एकच, आणि तोच हात तिची वाट बघत उभा. पुन्हा सुरू हो, असा हुकूम किनाऱ्यावरून पाठवला तरी तो उचलणार कोण?

एका माणसाने पेटी उघडून बटण दाबलं असतं तर नियंत्रक पुन्हा सुरू झाला असता. पण समुद्रात वादळ घोंघावत होतं आणि होडी तराफ्याला लागणं चार दिवस शक्य नव्हतं. कंपनीने ड्रोन पाठवून पाहिला. तो आमच्या काचेसमोरून आडवा गेला आणि लाटांत पडला. आतला प्राणवायू, श्वासाच्या मुखवट्यांसाठीच्या राखीव बाटलीसकट, दोन दिवसांचा. हे सगळं मी मोतीदादांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ही चूक कुणाची? मी म्हटलं, माझी.

"बरा झाला आत इलंस ता," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मी पुन्हा टेलिफोन उचलला. मला एक गोष्ट समजत नव्हती. 'धरून ठेव' हेरंबचं स्वतःचं लेकरू होतं. मी ते नव्या रनटाइमवर जसंच्या तसं ठेवलेलं त्याच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. या माणसाला परक्याच्या कोडमधली चूक वासाने कळते.

"तू माझा बदल तपासला होतास ना?" मी विचारलं.

"तपासला म्हणजे..." तो म्हणाला.

"हेरंब, तुझं नाव आहे खाली. 'हरकत नाही' असं लिहिलंयस."

"लिहिलंय," तो म्हणाला. "पण वाचलं नव्हतं."

"सात महिन्यांचं काम होतं माझं."

"म्हणूनच नाही वाचलं. वाचलं असतं तर हरकती निघाल्या असत्या. हरकत काढली की घरात तीन दिवस कुणी बोलत नाही. मला ते नको झालं होतं, मैथिली."

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की पोपटाच्या आवाजात माणसाला धड संतापताही येत नाही. मी जितकी चिडत होते तितका आवाज वर चढत होता, आणि भिंतीकडे तोंड केलेल्या मोतीदादांचे खांदे हलत होते. ते हसत होते की रडत होते, मी विचारलं नाही.

आमची ओळखच हरकतींतून झाली होती. दोरसाठी मी पहिला बदल पाठवला तेव्हा या हेरंब सामंत नावाच्या अनोळखी माणसाने त्यावर एकतीस हरकती घेतल्या. मी रडले, मग दात-ओठ खाऊन एकेक सोडवली. माझ्या कामाकडे कुणी तोवर इतक्या बारकाईने पाहिलंच नव्हतं. लग्न झाल्यावर हरकती वीसवर आल्या, दहावर आल्या, मग नुसतं 'हरकत नाही' येऊ लागलं. मला वाटायचं, माझं कोड सुधारलं. मैत्रिणींना मी अभिमानाने सांगायची की आता तो माझ्यात चूकच काढत नाही. आणि तो वाचतच नव्हता. त्या पिंपात मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती प्राणवायूची नव्हे. एका माणसासोबत मी इतकी वर्षं राहत होते आणि त्याने माझ्याकडे बघणं कधी सोडून दिलं ते मला कळलंच नव्हतं.

पण रडून हेलियम गरम होत नाही. मी विचार करायला लागले आणि तासाभराने मला वाट दिसली.

तराफ्याची वीज किनाऱ्यावरून केबलने येते. ती हेरंब बंद करू शकत होता. वीज गेली की नियंत्रक आपल्या बॅटरीवर चालतो. ती बॅटरी आमच्याच सुरक्षेसाठी बसवलेली. आता तीच आडवी येत होती. ती पूर्ण संपू द्यायची. नियंत्रक विझला की वीज परत द्यायची, म्हणजे तो आपोआप नव्याने सुरू होईल आणि उठल्या उठल्या किनाऱ्याकडून प्रोग्रॅम मागेल. त्या वेळी हेरंबने त्याला जुना प्रोग्रॅम द्यायचा. अडचण अशी की तेवढा वेळ हीटर नाही, पंखा नाही, दिवा नाही, टेलिफोनही नाही. पिंपात थंडीत शिरून झोपायच्या पिशव्या होत्या आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड गाळायचे हातातले डबे होते. बॅटरीवर लिहिलं होतं सहा तास.

मी हेरंबला टेलिफोनवर सगळं क्रमाने सांगितलं. आत्ता सकाळ आहे, लगेच वीज तोड. सहा तास बॅटरीचे, एक तास वरचा. सात तासांनी वीज दे. मी त्याला सांगत नव्हते, हुकूम सोडत होते. ती माझी सवय होती.

पलीकडे कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. मग पेन्सिल थांबली.

"माझी हरकत आहे," हेरंब म्हणाला.

तो शब्द मी त्याच्या तोंडून कित्येक वर्षांनी ऐकत होते.

त्याने शांतपणे सांगितलं. नियंत्रक नव्याने उठतो तेव्हा आत माणसं आहेत हे त्याला आठवत नाही. मापकांकडे बघायच्या आधी तो सगळ्या झडपा मूळच्या जागी नेतो, आणि दाब सोडायच्या झडपेची मूळची जागा उघडी असते, कारण रिकामं पिंप उघडंच ठेवतात. थोडाच वेळ उघडी राहील, पण तेवढा पुरे. आतल्या बाजूला त्या नळीला हाताने फिरवायची एक झडप आहे. ती आधी बंद करा.

मी भिंतीकडे बघितलं. लाल चाकाची झडप माझ्या उशाशीच होती. माझ्या योजनेत ती नव्हती. तो गप्प बसला असता तर थंडीतून वाचून, वीज आल्याचा आनंद करत आम्ही मेलो असतो.

"दुसरी हरकत," तो म्हणाला. "सहा तास हे जुन्या बॅटरीसाठी लिहिलेलं असतं. तुमची नवी आहे आणि बाकी सगळं बंद असताना नियंत्रक फार कमी वीज खातो. मला इथून तो विझलेला दिसणार नाही. विझायच्या आधी मी वीज दिली तर बॅटरी पुन्हा भरायला लागेल आणि झालेलं सगळं फुकट जाईल. मी बारा तास थांबणार."

मी ओरडले. बारा तास त्या थंडीत म्हणजे काय हे त्याला किनाऱ्यावर बसून कळणार नव्हतं. मी रिसीव्हर मोतीदादांच्या हातात दिला. मला वाटलं, ते त्याला समजावतील. ते थंडी भोगलेले होते; पाणबुड्यांना खाली नेणाऱ्या घंटेत हीटर गेल्याने त्यांचा एक जोडीदार गेला होता.

"सात," ते म्हणाले. "त्याच्या वर नको. माका थंडी म्हायत आसा." मग त्यांनी तोच आकडा पुन्हा सांगितला. तोवर मला वाटत होतं की त्यांना भीती वाटत नाही.

हेरंबने त्यांचंही ऐकलं नाही. "दादा, वीज माझ्या हातात आहे," तो म्हणाला. "मी बाराच तास थांबणार. मैथिलीला द्या."

मी रिसीव्हर घेतला. "तू माझं ऐकत नाहीयेस," मी म्हटलं.

"नाही ऐकत," तो म्हणाला. "चूक ठरलो तर चूक ठरेन. पण या वेळी हो म्हणणार नाही."

मी लाल चाक घट्ट होईपर्यंत फिरवलं. मोतीदादांनी ते माझ्यानंतर पुन्हा फिरवून बघितलं. मग दिवे गेले, पंखा गेला, आणि पिंपात इतकी शांतता झाली की बाहेरच्या लाटा पहिल्यांदा ऐकू आल्या.

थंडी आली ती बाहेरून अंगात शिरणारी नव्हती. प्रत्येक श्वासाबरोबर ती आतूनच येत होती. आम्ही पिशव्यांत शिरलो, डब्याची नळी तोंडात धरली. पिशव्या दोन होत्या, पण शेजारी शेजारी पडलो तरच ऊब टिकणार होती. दुसऱ्याच्या बायकोशेजारी झोपायची कल्पना मोतीदादांना थंडीपेक्षा अवघड जात होती. शेवटी पाठीला पाठ लावायची असं त्यांनीच ठरवलं आणि घरी कुणाला सांगायची गरज नाही असंही सांगितलं.

काचेतून पेटी दिसत होती. पेटीवर नियंत्रकाचा एक हिरवा दिवा होता. तो विझला की नियंत्रक विझला. मी त्या दिव्याकडे बघत होते. सात तास झाले तेव्हा तो हिरवागार होता.

मी ते मोतीदादांना सांगितलं. त्यांनी बॅटरीच्या आईबापांचा उद्धार केला. माझं ऐकलं असतं तर त्या क्षणी हेरंबने वीज दिली असती, दिवा तसाच राहिला असता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला आमच्या अंगात ऊब उरली नसती. तो किनाऱ्यावर एकटा बसला होता, त्याला दिवा दिसत नव्हता, माझा आवाज येत नव्हता, आणि माझ्याशी भांडून घेतलेल्या निर्णयावर तो टिकून होता. त्याचं काय होत असेल याचा विचार मी त्या सात महिन्यांत पहिल्यांदाच केला.

दिवा आणखी बऱ्याच वेळाने विझला. मिणमिणला वगैरे नाही, एकदम गेला. आता वीज आली तर आम्ही सुटत होतो. पण हेरंबला ते माहीत नव्हतं आणि कळवायला काही साधन नव्हतं. काम झालेलं असताना नुसतं पडून राहायचं, हा त्या दिवसातला सगळ्यात वाईट भाग. मी त्याला मनातल्या मनात हाका मारल्या. शिव्याही दिल्या. मी पोलादावर मूठ आपटली, आणि ते पोलाद जाडजूड होतं, त्याने काहीच ऐकलं नाही.

मग माझ्या पाठीला जाणवलं की मोतीदादांचं थरथरणं थांबलंय. थंडीत थरथर थांबली की माणूस झोपतो आणि झोपला की उठत नाही, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी हाका मारल्या. ते पुटपुटले. मी त्यांना जागं ठेवायला दोरबद्दल सांगायला लागले, रनटाइम कसा चालतो वगैरे. ते म्हणाले, गप रव, त्यानंच झोप येता.

तेव्हा मला जे उत्तम येतं ते मी केलं. भांडण उकरून काढलं. मी म्हटलं, बांगड्याच्या तिखल्यात तुम्ही तिरफळं उगाच घालता, त्यापेक्षा टोमॅटो घालावा.

पाठीमागे हालचाल झाली. "काय घालूचा?"

टोमॅटो, मी म्हटलं, आणि थोडी साखर. मोतीदादा पिशवीत उठून बसले. त्यांनी मला, माझ्या माहेरला आणि मला स्वयंपाक शिकवणाऱ्याला जे सुनावलं ते अंधारात, पोपटाच्या आवाजात, नळी तोंडातून काढून. मी प्रत्येक मुद्द्यावर उलट बोलले. कोकमाच्या जागी व्हिनेगर चालेल म्हटल्यावर तर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं, आणि मग न राहवून पुन्हा बोलू लागले. बाहेरचा उजेड कमी होत गेला तरी आमचं तिखलं काही शिजेना.

दिवे आले तेव्हा ते सोलकढीपर्यंत पोचले होते. पंखा घरघरला. हीटरच्या नळ्या कुरकुरू लागल्या. उशाशी झडपेच्या नळीत खाडकन आवाज झाला. बाहेरची झडप उघडली होती. लाल चाक घट्ट होतं. तबकडीचा काटा जागचा हलला नाही. क्षणभराने पुन्हा खाडकन आवाज आला आणि ती मिटली. मी त्या चाकावर कपाळ टेकलं आणि मनसोक्त रडले. मोतीदादांनी रडू दिलं. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांत नंतर कधीच जीव आला नाही आणि ते पुन्हा पाण्यात उतरले नाहीत. पण ते त्या वेळी आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

टेलिफोन मी दोन्ही हातांनी धरला. बोटं वळत नव्हती.

"मैथिली?" हेरंब म्हणाला.

मी म्हटलं, आहोत, दोघंही आहोत. दिवा सात तासांनी चालू होता, हेही सांगितलं. मग त्याने कामाचं सांगितलं: जुना प्रोग्रॅम चढवलाय, हातझडप आता हळूहळू उघडा, पुढची पायरी तो स्वतः खुर्चीतून न उठता बघेल. तू बाहेर ये, मग तुझा रनटाइम आपण पुन्हा बसवू, नीट, असं म्हणाला. मोतीदादांनी चाक फिरवलं. थोड्या वेळाने काट्याने थरथरत पहिला ठिपका ओलांडला. बाहेर यायला अजून तीन दिवस होते.

मोतीदादा गरम पिशवीत घोरायला लागले. मी टेलिफोन खाली ठेवला नव्हता, त्यानेही ठेवला नव्हता.

"हेरंब," मी म्हटलं, "तू माझं काम वाचलंस का? आज?"

"बारा तास दुसरं काय करणार होतो," तो म्हणाला. "सगळं वाचलं."

"मग? हरकती आहेत?"

"आहेत. बऱ्याच आहेत."

"सांग की. मी कुठे जाणार आहे?"

"पहिली कोडवरची नाहीये."

"असू दे."

"मला न विचारता तू तुझं नाव दिलंस. मला न विचारता आत गेलीस."

उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. नेहमीसारखं तयार, धारदार, त्याला तीन दिवस गप्प करील असं. मी काचेबाहेर बघितलं. डेकवर काही दिसत नव्हतं.

"मान्य," मी म्हटलं. "पुढची सांग."